परवडणारं शहर

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. नगरला तिचं बीसीए झालं. निकाल लागला, पेढे वाटून झाले, आणि आता घरात एकच विषय चालू आहे: पुढे कुठे? "आत्या, मी एक तक्ता केलाय. पाठवते, बघ आणि सांग," एवढं बोलून तिने फोन ठेवलासुद्धा. आमच्या वेळी असल्या निर्णयाला देव, ज्योतिषी आणि चुलते लागायचे. या पोरींना एक्सेल पुरतं.

तक्ता मात्र तिने झकास केला होता. वर चार शहरं: पुणे, मुंबई, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर. खाली भाडं, डिपॉझिट, मेस, बस-रिक्षा, मोबाईल, घरी पाठवायचे पैसे आणि शेवटच्या ओळीत 'उरतात किती'. मुंबईचा रकाना दोन-तीन आकडे भरून लाल केला होता आणि तसाच सोडून दिला होता. नाशिकला अजून नोकरीच नव्हती. पुण्यात खराडीला एका ठिकाणी १९ हजार देतायत, तिथे तिघींत एक खोली आणि दोन वेळचं जेवण धरून पीजीचे साडेनऊ हजार. संभाजीनगरला वाळूजमध्ये १५ हजार, पण तिथे मैत्रिणीबरोबर खोली आणि भाड्यातला वाटा फक्त अडीच हजार. हिशेबाने संभाजीनगर जिंकत होतं, मन पुण्यात होतं. खाली प्रश्न: "यातलं कुठलं शहर परवडेल?"

आता गंमत अशी की मी राहते वाघोलीला. खराडी आमच्यापासून जवळ. नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये 'जवळ' या शब्दाला फारसा अर्थ नाही हे मान्य, पण तरी. घरात दोन बेडरूम, माणसं तीन. तिच्या तक्त्यात 'आत्याकडे राहणे' असा रकाना मात्र नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. ही दोन्ही वाटणं एकदम का आली, ते शोधताना मी आमच्या घराण्याचा शहरात जाण्याचा इतिहास उकरत बसले. कपाटातून तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची, हिशेबाची वही काढली. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतेय. घरातल्या कुणाला वेगळं आठवत असेल तर जरूर सांगा.

*

आमचं गाव पारनेर तालुक्यात, पठारावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नगर जिल्हा (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, माझ्या तोंडात अजून नगरच येतं) क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. चौदा तालुके. पण जिल्हा एक असला तरी पाणी एक नाही. उत्तरेला प्रवरेचे कालवे, ऊस, आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. आमच्याकडे बाजरी, मठ, हुलगे आणि आभाळाकडे बघणं. पाण्याच्या तालुक्यांना पोरं घरी ठेवता आली, आमच्या पठाराने ती शहराला दिली. आजही कल्याण-माळशेज-आळेफाटा रस्त्याने टाकळी ढोकेश्वरकडे आलात तर दर दोन घरांमागे एक 'मुंबईकर' निघेल. यात्रेला सगळे हजर, एरवी दाराला कुलूप.

तसं नगर शहरच मुळी स्थलांतरातून झालेलं. अहमद निजामशहाने जुन्नर सोडून १४९० मध्ये भिंगारजवळ नवं शहर वसवायला घेतलं. पुढे त्याच निजामशाहीतल्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं संभाजीनगर. म्हणजे भाचीच्या तक्त्यातला चौथा रकाना नगरकराने चारशे वर्षांपूर्वीच भरून ठेवला होता म्हणायचा!

पण हे सगळे पुरुष. मुलींचं काय? जिल्ह्यातून बाहेर गेलेली सगळ्यात नामवंत मुलगी म्हणजे जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई. त्या माळव्यात गेल्या त्या होळकरांची सून म्हणून. मुलीने गाव सोडायचं ते लग्न करून, हा रस्ता पुढेही दोनशे वर्षं तसाच राहिला. उलट दिशेचं एक उदाहरण मला फार आवडतं. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांत येतं की शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांनी नगरला, अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे घेतलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिकण्यासाठी पुण्याहून एक बाई नगरला येत होती. कुठलं गाव 'मोठं' हे त्यात काय मिळतं यावर ठरतं, लोकसंख्येवर नाही.

*

तात्या मुंबईला गेले १९४४ साली. शिक्षण चौथी. गावापासून नगरपर्यंत पायी आणि तिथून रेल्वे. दौंड-मनमाड लाईन १८७८ पासून नगरवरून जाते, पण पुण्याला सरळ जायची रेल्वे नगरला तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, दौंडचा फेरा पडतो. युद्ध चालू असल्यामुळे कापड गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या आणि त्यांना माणसं हवी होती. मुंबईच का, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तिथं खोली होती."

ही खोली म्हणजे गावकीची खोली. लालबागला एका चाळीत, गावच्या माणसांनी मिळून घेतलेली. दहा बाय बाराची असेल नसेल. वहीत एकदा बावीस नावं आहेत. एवढी माणसं त्यात मावायची कशी? पाळ्यांवर. दिवसपाळीची कामावर गेली की रातपाळीची येऊन झोपायची, वळकट्या बदलायच्या, जागा तीच. उन्हाळ्यात गॅलरीत आणि फुटपाथवर. ट्रंका भिंतीला लावून, प्रत्येकाची खुंटी ठरलेली.

वहीत १९५१ चा एक महिना पूर्ण सापडतो. खोलीची वर्गणी दीड रुपया. खानावळ पंचवीस. बिडी-काडी, हजामत, साबण मिळून तीन-साडेतीन. मनीऑर्डर वीस. आणि शेवटी तात्यांच्या वळणदार मोडीत-बाळबोधीत मिसळलेल्या अक्षरात खोलीचे नियम. त्यातला एक मला तोंडपाठ झालाय: नवीन माणूस, पहिल्या पगारापर्यंत वर्गणी नाही. पगार झाल्यावर सर्वांइतकी. नातेवाईक असो वा नसो.

दीड रुपयात मुंबई! भाचीला सांगितलं तर ती लाल रकाना लगेच हिरवा करेल. पण त्या दीड रुपयामागचा हिशेब पुष्कळ लांबचा आहे.

एक म्हणजे कायदा. १९४७ साली मुंबईत भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी साधारण १९४० च्या पातळीला बांधली गेली. ज्याच्या नावावर खोली होती त्याला शहर स्वस्त झालं. ज्याच्या नावावर नव्हती त्याला मात्र आत शिरायलाच पागडी पडायला लागली. म्हणजे एकाच चाळीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, परवडणारी मुंबई आणि न परवडणारी मुंबई शेजारी शेजारी राहत होती. तात्या स्वस्तात राहिले ते मुंबई स्वस्त होती म्हणून नाही. त्यांच्या आधी कुणीतरी आत शिरून दार उघडं ठेवलं होतं म्हणून.

दुसरी म्हणजे खानावळवाली बाई. गिरणगावात घरोघरी अशा खानावळी होत्या. एखाद्या गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा आपल्याच खोलीत दहा-पंधरा एकट्या पुरुषांचा दोन वेळचा स्वयंपाक करायची आणि महिन्याने पैसे घ्यायची. महिनाअखेरीपर्यंत किराणा उधारीवर, आणि ती उधारी सावकारी व्याजाने. ही कोंडी फुटायला सुरुवात झाली १९७५ साली. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं तेव्हा. लाखो कामगारांचं शहर ज्यांच्या चुलीवर चालत होतं त्यांना बँक तोवर ओळखतच नव्हती. तात्यांच्या वहीत बावीस पुरुषांची नावं आहेत, गावं आहेत, कुणाच्या भावाचं लग्न आहे. खानावळीपुढे मात्र फक्त आकडा. त्या बाईचं नाव कुठेच नाही.

आणि तिसरी माझी आजी. ती मुंबईला गेली आयुष्यात दोनदा, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. बावीस पुरुषांच्या खोलीत बायको कुठे ठेवणार? तिने गावात कोरडवाहू जमीन कसली, सासू-सासऱ्यांचं केलं, चार पोरं वाढवली. तात्यांच्या वीस रुपयांत घर चालत नव्हतं. घर तिच्या मजुरीवर चालत होतं, मनीऑर्डर कर्जाच्या हप्त्याला जायची. वर दर दोन महिन्यांनी बाजरीची गोणी आणि शेंगा मुंबईला जायच्या. म्हणजे पैसे मुंबईहून गावाला येत होते तेवढीच, कदाचित जास्त, मदत गावाहून मुंबईला जात होती. ती कुणी वहीत लिहिली नाही एवढंच.

*

जाता जाता एसटीबद्दल सांगायलाच हवं, कारण नगरकराला त्याचा अभिमान असतो. एसटीची पहिली गाडी धावली ती १ जून १९४८ रोजी, नगर ते पुणे. त्या गाडीने आमच्या जिल्ह्याच्या डोक्यातला नकाशा हळूहळू बदलला. तोवर 'शहर' म्हणजे मुंबई होती. आता सव्वाशे किलोमीटरवरचं पुणे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात आलं.

पण पोटासाठी पुण्याला जायला तिथे काम हवं. ते आलं पिंपरीत. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना, मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपं. तिकडे नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये विमानाचा कारखाना, १९८५ मध्ये वाळूजला बजाज. आज भाचीच्या तक्त्यात जी शहरं 'पर्याय' म्हणून शेजारी शेजारी बसली आहेत, ती तिथे आपोआप आलेली नाहीत. मुंबईच्या बाहेर कारखाने न्यायचे हे सरकारने ठरवलं, जमिनी घेतल्या, रस्ते-पाणी दिलं, म्हणून ती पर्याय झाली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचाही या स्वस्ताईत वाटा आहे, तो वेगळा विषय आहे. असो.

माझे चुलते, नाना, मुंबईला गेले १९७२ च्या दुष्काळात. गावात खडी फोडायचं काम चालू होतं. दहावी नापास मुलाला वडलांनी सांगितलं, खोलीवर जा. वहीत त्यांचं नाव आहे आणि त्यापुढे दोन महिने वर्गणीच्या जागी रेघ. पहिल्या पगारापर्यंत माफ. नियम तात्यांनी स्वतःच्या मुलालाही तोच लावला आणि तिसऱ्या महिन्यापासून वर्गणीही तेवढीच घेतली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली साठच्या वर गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. हा संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला. आमच्या खोलीतली माणसं आधी 'पंधरा दिवसांत मिटेल' म्हणून थांबली, मग पेरणीला म्हणून गावी आली, आणि मग गावीच राहिली. वर्गणी भरायला माणसं उरली नाहीत. पुढे चार-पाच वर्षांनी खोली गेली. कुणाला किती मिळाले यावरून गावात दोन तट पडले आणि ते अजून पुरते बुजलेले नाहीत. मी कुणाची बाजू घेत नाही :) एवढंच नोंदवते की ज्या खोलीने चाळीस वर्षं मुंबई परवडवली ती गेली, आणि आमच्या गावापुरती मुंबई त्या दिवशी महाग झाली. मुंबईचे भाव नंतर वाढले.

योगायोग बघा. त्याच १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. मुंबईत एक दार बंद होत होतं आणि सव्वाशे किलोमीटरवर दुसरं उघडत होतं. नाना पिंपरीत आले ते जाहिरात वाचून नाही. खोलीतलाच एक गाववाला तिथे एका वर्कशॉपमध्ये लागला होता, त्याने जागा दाखवली. काळेवाडीत पत्र्याची खोली. दोन वर्षांनी काकू आल्या. आमच्या घराण्यात नवऱ्याबरोबर शहरात राहायला गेलेली ती पहिली बाई.

*

आता माझी पाळी. माझ्या वडलांच्या पिढीला कॉलेज मिळालं नाही, मला मिळालं. त्याचं कारण असं की ते नगरलाच होतं. १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. त्याआधी नगरच्या मुलाला बीए व्हायचं तर पुण्या-मुंबईत राहण्याची सोय आधी शोधावी लागे. १९४९ ला पुणे विद्यापीठ झालं, पुढे जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली. मी बीकॉम केलं तेव्हा नगरला खोली घेऊन चौघी राहायचो आणि गावाहून एसटीने डबा यायचा. दहाच्या गाडीला स्टँडवर उभं राहायचं, कंडक्टर ओळखीचा, डब्यावर नाव. आई पहाटे चारला उठून भाकरी करायची आणि गाडी चुकू नये म्हणून फाट्यापर्यंत चालत जायची. आम्हाला वाटायचं आपण किती काटकसरीने शिकतोय!

पुण्यात गरीब मुलांनी स्वस्तात शिकण्याची परंपरा जुनी आहे. सात वारांना सात घरी जेवायचं, त्याला वार लावणं म्हणत. कुणी माधुकरी मागत. पण त्या घरांचे दरवाजे सगळ्यांना उघडे नव्हते. जात लागायची. ज्यांना वार मिळणार नव्हते त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना हात दिला, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं. पुण्यात १९०९ ला अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. आणि १९५५ ला डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, तिने आमच्या भागातल्या कितीतरी पोरांना पुणं परवडवलं. मुलींसाठी हुजूरपागा १८८४ ची, सेवासदन १९०९ चं. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहांना केंद्र सरकारची मदत सुरू झाली ती १९७२-७३ मध्ये. म्हणजे एकट्या मुलीने शहरात राहायचं ही कल्पना सरकारी कागदावर यायला स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षं लागली.

१९९९ ला माझं बीकॉम झालं. भोसरीत एका ठिकाणी हिशेबाचं काम मिळालं, पगार २२०० रुपये. कुठलं शहर, हा प्रश्न मला कुणी विचारलाच नाही. दादा म्हणाले, "पिंपरीला जा. नाना आहेत." तात्यांच्या 'तिथं खोली होती' चीच ही पुढची आवृत्ती.

नानांकडे मी तीन वर्षं राहिले. दोन खोल्या, माणसं सहा, माझ्यासकट सात. नानांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. दरवर्षी दिवाळीला साडी घेतली ती वेगळीच. आणि मी पहाटे साडेचारला उठत होते. नळाला पाणी तेव्हाच यायचं. पाणी भरायचं, पोळ्या लाटायच्या, पाच डबे, मग माझी बस. संध्याकाळी आल्यावर भांडी. मला कुणी कधी सांगितलं नाही की हे कर. कुणी कधी असंही म्हणालं नाही की आज राहू दे. चुलतभाऊ माझ्याच वयाचा, तोही नोकरीला. तो सातला उठायचा. (वाचत असशील तर रागावू नकोस. तुझ्यावर नाहीये हे.)

काकूंचाही दोष नाही. त्या स्वतः पहाटे चारला उठत होत्या. अठरा वर्षं त्या खोल्यांत गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी वाढलं, कुणी दवाखान्याला, कुणी भरतीला, कुणी नुसतंच पुणं बघायला. नानांच्या 'ये, घर आपलंच आहे' या वाक्याची किंमत त्या चुकवत होत्या, आणि त्यातला थोडा भाग माझ्यावर आला. खानावळवाल्या बाईला निदान महिन्याचे पंचवीस रुपये मिळत होते.

तिसऱ्या वर्षी मी धीर करून म्हटलं, नाना, मी वसतिगृहात कॉट घेते. पगार तोवर ३८०० झाला होता, कॉटचे ५५० आणि मेसचे वेगळे. नाना आठ दिवस बोलले नाहीत. "इथं काय कमी पडलं?" एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. काहीच कमी नव्हतं. फक्त माझ्या राहण्याची किंमत किती हे कुणी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे ती कधी फिटत नव्हती. वसतिगृहात पहिल्या रविवारी मी आठला उठले. पत्र्यावर ऊन आलं होतं. ते ऊन मला अजून आठवतं.

*

तर सांगायचा मुद्दा असा. भाचीच्या तक्त्यात सगळं आहे आणि आकडे बरोबर आहेत. पण आमच्या चार पिढ्यांत कुठलंही शहर त्याच्या भाड्यामुळे परवडलं नाही. आधी गेलेल्या कुणीतरी जागा केली म्हणून परवडलं. खोली, खानावळ, बाजरीची गोणी, एसटीतला डबा, पहाटेचं पाणी. शहर स्वस्त होतं म्हणजे उरलेले पैसे दुसरं कुणीतरी भरत होतं, आणि बहुतेक वेळा ती बाई होती. तिचं नाव वहीत नव्हतं.

म्हणून मला हायसं वाटलं होतं. भाची आली तर आमच्या घरात काकू मी होणार, आणि पहाटे उठणारी ती होणार. आणि वाईट वाटलं, कारण आधी गेलेलं माणूस आता मी आहे. पुण्यात तिच्यासाठी दार उघडं ठेवणारं दुसरं कुणी नाही.

दोन दिवसांनी तिला फोन केला. आधी संभाजीनगरचं विचारलं. तिथे राहणारी माझी एक मैत्रीण आहे, तिने सांगितलं होतं की खोली बघायला गेलीस तर भाड्याआधी पाण्याचं विचार, नळाला किती दिवसांनी येतं आणि टँकरचे पैसे कोण देतं ते. तक्त्यात पाण्याची ओळ नव्हती. भाची म्हणाली, घालते. मग मी विचारलं, "माझ्याकडे का नको?"

ती जरा थांबली. म्हणाली, "आत्या, तू काही म्हणणार नाहीस. पण मला सारखं वाटत राहील की आपण काहीतरी करायला पाहिजे. त्यापेक्षा पीजीचे पैसे बरे."

वीस वर्षांपूर्वी मला नानांना जे सांगता आलं नव्हतं ते हिने दोन वाक्यांत सांगितलं!

मग मी तिला तात्यांच्या वहीतला नियम वाचून दाखवला. नवीन माणूस, पहिल्या पगारापर्यंत वर्गणी नाही. नंतर सर्वांइतकी. नातेवाईक असो वा नसो. म्हटलं, सहा महिन्यांसाठी ये. पहिला पगार होईपर्यंत काही नाही. नंतर किराणा, वीज, पाणी, कामवाल्या मावशींचे पैसे यांचा चौथा हिस्सा. आठवड्याला दोन रात्री स्वयंपाक तू करायचा, दोन तुझ्या काकांनी, दोन मी. रविवारी बाहेरून. हे कागदावर लिहून फ्रीजला लावायचं. सहा महिन्यांनी पीजीत जायचं असेल तर जा, मी आठ दिवस अबोला धरणार नाही. आमच्या यजमानांनी 'दोन रात्री' ऐकून माझ्याकडे पाहिलं. पण फोन स्पीकरवर होता, त्यामुळे काही बोलता आलं नाही.

"चौथा हिस्सा म्हणजे किती?" तिने विचारलं. गेल्या तीन महिन्यांची बिलं काढून सरासरी केली. साडेचार हजारांच्या आसपास येतात. "डिपॉझिट?" शून्य. "घरी यायची वेळ?" ती तुझ्या आईशी बोल, मी चावी देणार.

दुसऱ्या दिवशी सुधारलेला तक्ता आला. पाण्याची ओळ घातलेली. आणि शेवटी एक पाचवा रकाना: 'वाघोली (तात्यांच्या नियमाने)'. त्यातली 'उरतात किती' ची ओळ अजून रिकामी आहे, बसचा पास कितीचा ते ती विचारून घेतेय. संभाजीनगरवाल्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

वही परत कपाटात ठेवताना पेन घेतलं आणि १९५१ च्या पानावर खानावळीच्या आकड्यापुढे रिकामी जागा होती तिथे काय लिहिता येईल ते बघत बसले. त्या बाईचं नाव सांगू शकेल असं आता गावात कुणीही नाही. मागच्या कोऱ्या पानावर मग आजीचं, आईचं आणि काकूंचं लिहिलं.